चौथ्या भागातली मराठी

तंजावरला येऊन आठ महिने झाले. ही माझी अकरावी बदली. माझ्या सात वर्षांच्या लेकीची ही तिसरी शाळा ठरली असती, पण या वेळी आम्ही तिला शाळेत घातलंच नाही. मागच्या ठिकाणी ती वर्गात बोलेनाशी झाली होती. बाईंनी नाव विचारलं तरी मान खाली. काळ्या पेट्या उघडायच्या आधीच सौ.ने निर्णय दिला : वर्षभर लेक आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंही घरीच शिकतील.

युनिटमध्ये ज्याने त्याने एकच विचारलं, "सर, हे चालतं का?" मी कायदा काढून वाचला. शिक्षण हक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. मात्र न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याला त्यात स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट बंदीही नाही. परतीची वाट मात्र आहे. कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यावं लागतं आणि राहून गेलेला अभ्यास भरून काढायला मदत द्यावी लागते. शिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे तीन टप्पे आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे. म्हणजे माघारीचा रस्ता सुरक्षित आहे एवढी खात्री झाली.

खरा पेच विषयांचा. तमिळनाडूने २००६मध्ये तमिळ शिक्षण कायदा केला. पहिलीपासून सुरुवात करून दर वर्षी एक इयत्ता, अशी दहावीपर्यंत तमिळ सक्तीची झाली. अभ्यासक्रमाचे चार भाग आहेत : पहिला तमिळ, दुसरा इंग्रजी, तिसरा गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र. चौथा भाग ज्याची मातृभाषा तमिळ किंवा इंग्रजी नाही त्याच्या मातृभाषेचा, आणि तो ऐच्छिक. हा कायदा शाळांसाठी आहे, आमच्या जेवणाच्या टेबलासाठी नाही. पण उद्या लेक इथल्या शाळेत गेली तर पहिला भाग समोर उभा राहणारच.

"केंद्रीय विद्यालयात टाका, तिथे तमिळची सक्ती नाही. दोन वर्षांसाठी कशाला पोरीला त्रास?" असं माझ्याच एका कोर्समेटने फोनवर सुनावलं. खडकवासल्याला तीन वर्षं एका स्क्वाड्रनमध्ये काढलेली, त्यामुळे त्याला सुनावायचा हक्क आहे. तरी मला हे पटत नाही. महाराष्ट्राने २०२०मध्ये असाच कायदा करून सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, न शिकवणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंड ठेवला. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पुण्यात बदलून आलेल्या तमिळ हवालदाराच्या मुलाने मराठी शिकावी असं वाटत असेल, तर माझ्या मुलीने तंजावरात तमिळ शिकायला कुरकुर का करावी?

म्हणून आम्ही यादीतले सगळे विषय घेतले, तमिळसुद्धा. शेजारच्या निवृत्त शिक्षिका आठवड्यातून तीन दिवस येतात. अक्षरं २४७ हे ऐकून माझीच छाती दडपली होती. लेकीने मात्र आठवड्यात शोध लावला : "बाबा, यांच्याकडे ळ आहे! मागच्या शाळेत माझ्या ळला सगळे हसायचे." क आणि ग एकाच अक्षराने कसे लिहितात, हे आता तीच मला शिकवते. गप्प झालेली पोर तमिळमध्ये बोलू लागली, हे लिहिताना मला अजून नवल वाटतं.

माझी काळजी मात्र चौथ्या भागाची आहे. सरकारने तो ऐच्छिक ठेवला. बदलीवरच्या घरात तो आपोआप गळून पडतो. शाळा इंग्रजी, युनिट हिंदी, मराठी फक्त आजीच्या फोनपुरती.

याचं उत्तर मला तंजावरनेच दिलं. व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यामागून इथे आलेल्या मराठी घरांनी दरबार असेपर्यंत मराठी लिहिली, वाचली. १८५५मध्ये राज्य खालसा झालं, दरबार संपला. तरी मराठी बोलणारी घरं इथे अजून आहेत. अशाच घरातल्या एका आजींची ओळख झाली. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आहे, काही शब्द मला दोनदा विचारावे लागतात. शाळेत मराठी त्यांनी एक दिवसही शिकली नाही. आईकडून ऐकली तेवढीच. त्या मराठी लिहितात ती तमिळ अक्षरांत. त्यांची नातवंडं मात्र मराठी प्रश्नाला तमिळमध्ये उत्तर देतात. आजी हसून सांगतात, पण डोळे हसत नाहीत.

म्हणजे घर भाषा टिकवू शकतं, आणि एका पिढीने हात सैल सोडला की ती जातेही. मग आम्ही वेळापत्रक उलटं केलं. सकाळचा पहिला तास मराठीचा, रोज, तोही लिहिण्याचा. गणित त्यानंतर. मोठ्या देवळात सरफोजीराजांनी १८०३मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे, देवनागरी अक्षरांत. रविवारी दोघांना तिथे नेलं. लेक बोट हवेत धरून एकेक अक्षर लावत होती. चार शब्द जमले. बाहेर येऊन तिने चपलांच्या दुकानावरची तमिळ पाटीही वाचून दाखवली.

बदलीवरच्या तरुण अधिकाऱ्यांना आणि जवानांना माझं सांगणं एवढंच. मूल घरी शिकवा किंवा शाळेत घाला, राज्याचा विषय मनापासून पुरा करा. ज्या मातीचं पाणी पितो तिचं ते देणं आहे. शिकवल्याची वही तारखेसह ठेवा, प्रवेशाच्या वेळी कामी येते. पण आपली भाषा कुठल्याच राज्याच्या भरवशावर सोडू नका. जूनमध्ये लेक इथल्याच शाळेत जाणार आहे. पहिला भाग ती तिथे शिकेल. चौथ्याचा तास सकाळी सहाला, आमच्याच टेबलावर चालू राहील.