रोग्याचे औषध भाताच्या शेतात

भाद्रपदाच्या सुमारास सरद भाताच्या पात्यांच्या कडा पिवळ्या पडू लागतात. ती पिवळी नागमोडी रेघ टोकाकडून खाली सरकते आणि थोड्याच दिवसांत पाते वाळून जाते. हाच कडा करपा. झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे हा रोग होतो. रोगट पाते कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरले, तर त्यातून दुधट धार उतरताना दिसते. ती धार म्हणजे असंख्य जिवाणूच होत! विद्यार्थिमित्रांनी हा प्रयोग एकदा अवश्य करावा. त्यास सूक्ष्मदर्शकही लागत नाही.

या रोगाने १९६३ साली बिहारमधील भातशेतीवर मोठे संकट आणले होते. तेव्हा शेतकऱ्याची भीती खोटी नव्हे. परंतु त्या भीतीपोटी स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण शेतावर फवारण्याची जी रीत पडली, ती मला मान्य नाही. स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयरोग्यांना जीवदान देणारे औषध. १९४३ साली ते मातीतील एका सूक्ष्मजीवापासूनच मिळाले. (त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक १९५२ साली वॅक्समन यांना मिळाले, ज्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत खपून ते शोधले, त्या अल्बर्ट शॅट्झचे नाव मात्र त्यात आले नाही.) असे औषध उघड्यावर वारंवार फवारले म्हणजे त्याला न जुमानणारे जिवाणू तेवढे उरतात, वाढतात, आणि आपले हे सामर्थ्य इतर जिवाणूंनाही देऊ शकतात. त्याची किंमत उद्या एखाद्या रोग्याला मोजावी लागेल.

मग शेतकऱ्याने करावे काय? मातीतच त्याचे सोबती आहेत. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा त्यांपैकी एक. तो मुळांभोवती वस्ती करतो, शत्रुजिवाणूंना मारक द्रव्ये निर्माण करतो, आणि विशेष म्हणजे मुळांशी राहून साऱ्या रोपालाच सावध करतो. मग दूरच्या पात्यातही प्रतिकार जागा होतो. याची भुकटी मिळते. एक किलो बियाण्यास १० ग्रॅम चोळावी. लावणीपूर्वी तरव्याची मुळेही तिच्या पाण्यात बुडवावीत.

मात्र ही भुकटी सजीव आहे, हे आपण विसरतो. उन्हात ठेवलेली किंवा मुदत संपलेली पुडी म्हणजे निव्वळ माती. शिवाय रोग शेतभर पसरल्यावर तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करणे व्यर्थ होय. युरियाचा अतिरेक आणि लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे छाटणे या दोन सवयी तर रोगाला आमंत्रणच देतात. त्या सुटल्याखेरीज कोणताही सोबती पुरा पडणार नाही.

यंदाच्या पावसाळ्यात शाळेच्या परसात भाताचे दोन वाफे करावेत, असे मला वाटते: एकात भुकटी चोळलेले बी, दुसऱ्यात साधे. कोणत्या वाफ्यातील पाती आधी पिवळी पडतात, याची नोंद मुलांनीच ठेवावी, आणि फरक दिसला नाही तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावे.