रमन राघव लक्षात आहे, मग त्याने मारलेली माणसं कुठे गेली?

डिजिटल डेस्कवर रात्रपाळी होती. काम आलं: ‘खऱ्या हत्याकांडांवर आधारलेले थरारपट’ अशी यादी करायची. प्रत्येक सिनेमाला चार ओळी आणि एक फोटो. तासाभरात यादी तयार झाली. अपलोड करण्याआधी एकदा सलग वाचली आणि खटकलं. प्रत्येक नोंदीत खुन्याचं नाव होतं, त्याची मारायची पद्धत होती, त्याची भूमिका करणाऱ्या नटाचं कौतुक होतं. मेलेल्या माणसांचा मात्र फक्त आकडा होता.

यादी तशीच गेली. चांगली वाचलीही गेली. ती मीच केली होती, त्यामुळे हा लेख दुसऱ्या कुणाला दोष देण्यासाठी नाही. खुन्याचं नाव पाठ आणि बळी बेनाम, हे कुठून सुरू झालं आणि जळगाव-धुळ्यात बसून त्याची काळजी का करायची, एवढंच समजून घ्यायचं आहे.

‘जॅक द रिपर’ हे नाव आलं कुठून?

साल १८८८. राणी व्हिक्टोरियाचं राज्य. आपला खान्देश तेव्हा एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्यालय होतं धुळे. त्या वर्षी ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपल परिसरात पाच बायकांचे खून झाले. खुनी कधीच सापडला नाही.

पण त्याला नाव मिळालं. सप्टेंबरच्या शेवटी एका वृत्तसंस्थेकडे लाल शाईत लिहिलेलं पत्र आलं. खाली सही होती, ‘जॅक द रिपर’. पोलिसांतल्या वरिष्ठांचा पुढे संशय होता की हे पत्र खुन्याचं नाहीच, एखाद्या पत्रकाराने लिहिलेलं आहे. त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेलं ‘द स्टार’ हे स्वस्त सायंदैनिक या खुनांच्या बातम्यांवर तुफान खपलं. म्हणजे क्लिकसाठी मथळा चढवण्याची सवय मोबाइलने आणलेली नाही. आमच्या धंद्यात ती किमान १८८८ पासून आहे.

मग सिनेमा आला. हिचकॉकचा ‘द लॉजर’ १९२७ चा. १९७१ मध्ये हॅमर या भयपटांसाठी गाजलेल्या ब्रिटिश कंपनीने ‘हँड्स ऑफ द रिपर’ काढला. २००१ च्या ‘फ्रॉम हेल’मध्ये जॉनी डेप होता. उंच टोपी, काळा झगा, हातात बॅग, चहूकडे धुकं. खुनी कोण हेच ठाऊक नसताना त्याचा पोशाख मात्र जगभर ठरून गेला.

त्या पाच जणी कोण होत्या?

मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली.

निकोल्स लोहारकाम करणाऱ्याची मुलगी, पाच मुलांची आई. नवऱ्यापासून वेगळी झालेली. ३१ ऑगस्टच्या रात्री निवाऱ्यातल्या खाटेसाठी लागणारे चार पेन्स तिच्याकडे नव्हते, म्हणून तिला बाहेर काढलं गेलं. आठ दिवसांनी चॅपमनचंही तसंच झालं. ती आजारी होती आणि खाटेपुरते पैसे नव्हते. स्ट्राइड स्वीडनहून आलेली. एडोज पत्र्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबातली. पाचांपैकी चौघींचे मृतदेह उघड्यावर सापडले.

‘त्या सगळ्या वेश्या होत्या’ हे वाक्य शंभर वर्षं चाललं. इतिहासकार हॅली रुबेनहोल्ड यांनी २०१९ च्या ‘द फाइव्ह’ या पुस्तकात दाखवून दिलं की पाचांपैकी तिघींबाबत तसा ठोस पुरावा नाही. यातल्या बहुतेक जणी उघड्यावर झोपलेल्या असताना मारल्या गेल्या असाव्यात, अशी त्यांची मांडणी आहे. ती पटो न पटो, एक गोष्ट कागदावर आहे. निदान दोघींना त्या रात्री खाटेचं भाडं परवडलं नव्हतं.

लंडनमध्ये एका इमारतीला बायकांच्या इतिहासाचं संग्रहालय म्हणून परवानगी मिळाली. २०१५ साली दार उघडलं तेव्हा पाटी होती जॅक द रिपरची. लोकांनी निदर्शनं केली. इतिहास बायकांचा आणि पाटी खुन्याची, हे तिथे अगदी शब्दशः घडलं.

मुंबईत काय झालं होतं?

आपल्याकडे याला सर्वात जवळचं प्रकरण रमन राघवचं. १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी जड वस्तूने ठेचली जात होती. शहरात अफवा पसरल्या, रात्री पहारे बसले. ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला ओळखून पकडलं. तपासाची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. राघवने ४१ खुनांची कबुली दिली. १९६९ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी त्याचा आजार बरा न होणारा ठरवला आणि १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. १९९५ मध्ये पुण्यात ससून रुग्णालयात तो वारला.

एवढं आपल्याला माहीत आहे. कबुली देण्याआधी त्याने कोंबडीचं जेवण मागितलं, हेसुद्धा माहीत आहे. श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये त्याच्यावर चित्रपट केला, मुख्य भूमिकेत रघुवीर यादव. २०१६ मध्ये अनुराग कश्यपचा ‘रमन राघव २.०’ आला, नवाजुद्दीन सिद्दीकी आणि विकी कौशलचा. हा सिनेमा त्या जुन्या खुन्यावर नाही, असं तो सुरुवातीलाच सांगतो. तरी नाव घेतलं ते खुन्याचंच, कारण तिकीट त्या नावावर खपतं.

फुटपाथवर मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल? मलाही आलं नाही. पोटासाठी गाव सोडलेली ही माणसं. जळगाव, भुसावळ, चाळीसगावहून रात्रीची गाडी पकडून मुंबईला कामाला गेलेला माणूस आपल्याकडे घराघरात आहे. पहिले काही महिने तो कुठे झोपतो, हे त्याच्या आईला विचारा.

पुण्याच्या खटल्याला बळींचं नाव का मिळालं?

आता दुसरं प्रकरण पाहा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा जणांचे खून झाले. चौघा तरुणांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. १९८६ चा ‘माफीचा साक्षीदार’ त्यावरच बेतलेला, नाना पाटेकरची भूमिका गाजली. पण हे प्रकरण आपण कोणत्या नावाने ओळखतो? जोशी-अभ्यंकर हत्याकांड. खुन्यांच्या नावाने नाही, मारल्या गेलेल्या कुटुंबांच्या नावाने.

असं का, याचं उत्तर मला साधं वाटतं. जोशी आणि अभ्यंकरांच्या घराला दार होतं. दारावर आडनाव होतं, शेजारी होते, ओळखणारे वाचक होते. फुटपाथवरच्या माणसाला दारच नव्हतं, तर पाटी कुठे लावणार? व्हाइटचॅपल आणि मुंबई यांच्यात ८० वर्षांचं अंतर आहे, पण दोन्हीकडे मारेकऱ्याने शोधली ती कडी-कोयंडा नसलेली माणसं. आणि दोन्हीकडे जगल्याची नोंद नसलेल्यांची मेल्यावरही नोंद राहिली नाही.

इंजिनिअरिंगला आम्हाला शिकवलं होतं की यंत्र बंद पडलं तर आधी मूळ कारण शोधा. खुन्याचं डोकं हे एक कारण झालं. माणसं उघड्यावर का झोपली होती, हे दुसरं. सिनेमा पहिल्यावर अडीच तास घालवतो आणि दुसऱ्यावर एक दृश्य.

याचा राईनपाड्याशी काय संबंध?

भयपटाने आपल्याला खुनी कसा दिसतो ते शिकवलं: अनोळखी, विस्कटलेला, परक्या बोलीचा, गावाबाहेरून आलेला. हे चित्र फार जुनं आहे. १८८८ मध्ये लंडनमध्ये ‘लेदर एप्रन’ नावाच्या माणसाची अफवा उठली. जॉन पायझर नावाचा ज्यू चांभार संशयावरून पकडला गेला. तो निर्दोष निघाला, पण तोवर ज्यूंविरुद्ध वातावरण इतकं तापलं होतं की भिंतीवर सापडलेला एक मजकूर दंगल होईल या भीतीने पोलीस आयुक्तांनी पुसायला लावला.

१ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा आधीच पोहोचली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, पालात राहणारी माणसं, बहुतेक सोलापूरच्या मंगळवेढा भागातली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले.

हे एखाद्या सिनेमामुळे झालं असं मी म्हणत नाही, म्हणणं चुकीचं होईल. अफवेमुळे झालं. पण अफवा पटकन पटते, कारण राक्षसाचं चित्र आपल्या डोक्यात आधीच तयार असतं. त्या दिवशी त्या चित्रात बसवली गेली ती पुन्हा दार नसलेलीच माणसं. फरक इतकाच की या वेळी मारणारा एकटा नव्हता. राईनपाड्यानंतर १६ दिवसांनी, १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या.

मग असे सिनेमे काढूच नयेत?

काढावेत. मी स्वतः ते आवडीने बघते. खुन्याचं मन समजून घेणं पोलिसांसाठी आणि डॉक्टरांसाठीही गरजेचं आहे. ‘मानवत मर्डर्स’ ही २०२४ ची मालिका तपासाच्या बाजूने, रमाकांत कुलकर्णींना मध्यभागी ठेवून सांगितली गेली. म्हणजे गोष्ट खुन्याच्या खांद्यावरूनच दाखवली पाहिजे असं काही नाही. एक पाऊल पुढे जाऊन मेलेल्या माणसापासून सुरुवात केली तरी थरार कमी होणार नाही. तो माणूस कोण होता हे कळल्यावर भीती खरी वाटते.

आमच्यासाठी मी तीन नियम सुचवले आहेत. खुन्याला टोपणनाव द्यायचं नाही. त्याच्या चेहऱ्याचा फोटो सगळ्यात वर लावायचा नाही. आणि बळींचा फक्त आकडा लिहायचा नाही, ते काय काम करत होते, कुठून आले होते, एवढं तरी लिहायचं. कुटुंबाची हरकत असेल किंवा कायदा मनाई करत असेल तिथे नाव नको, पण माणूस दिसला पाहिजे.

वाचक म्हणून तुम्हालाही एक काम आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचं बेघरांसाठी मानक होतं: दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी कायमचा निवारा. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजार होती, धुळ्याची पावणेचार लाख. जुना आकडा धरला तरी जळगावात चार आणि धुळ्यात तीन निवारे हवेत. आपल्या नगरसेवकाला विचारा, ते कुठे आहेत आणि रात्री त्यांचं दार उघडं असतं का.

आज शेवटची बस निघून गेल्यावर स्टँडवर कोण कोण झोपतं, ते एकदा थांबून बघा. पुढची यादी करताना मी आधी तिथे जाऊन येणार आहे.