एका सिनेटरचं दप्तर

काय दोस्तांनो, दप्तर भरलं का? थांबा, थांबा! पाठीवरच्या दप्तराबद्दल नाही विचारत मी. सरकारी कागदपत्रं जपून ठेवायच्या जागेलाही आपण 'दप्तर'च म्हणतो. पुण्याचं पेशवे दप्तर ठाऊक आहे ना? मोडी लिपीतले कोट्यवधी कागद आहेत तिथे. आज मात्र आपण जरा लांबच्या दप्तरात डोकावू. अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी.

तिथल्या विद्यापीठात १९७४ साली 'रिचर्ड रसेल ग्रंथालय' सुरू झालं. नाव ग्रंथालय, पण आतला खरा ऐवज म्हणजे राजकारणातल्या माणसांचे कागद! लोकांनी त्यांना लिहिलेली पत्रं, भाषणांचे खर्डे, फोटो, निवडणुकीतले बिल्लेसुद्धा. एखादा पुढारी निवृत्त झाला, की त्याच्या कचेरीतली खोकीच्या खोकी अशा ठिकाणी येतात. मग सुरू होतं किचकट काम. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कागद आम्ल नसलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचे, कुठल्या खोक्यात काय आहे त्याची यादी करायची. यादी नसेल तर हजारो कागदांतून हवा तो एक सापडणार कसा? वाचायला येणाऱ्यांनी पेन आणायचं नाही, फक्त पेन्सिल. शाईचा एक डाग पडला, की तो कायमचाच ना!

आता हे रसेलसाहेब कोण? १९३३ ते १९७१ अशी तब्बल ३८ वर्षं ते अमेरिकेच्या संसदेत सिनेटर होते. १९४६ साली शाळेतल्या मुलांना दुपारचं जेवण देण्याचा कायदा झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरती करताना लक्षात आलं, की लहानपणी पोटभर, सकस अन्न न मिळाल्यानं कितीतरी तरुण अशक्त राहिलेत. शिवाय शेतकऱ्यांच्या जादा मालालाही गिऱ्हाईक हवं होतं. त्या कायद्याला आज रसेल यांचंच नाव आहे. वा! भला माणूस, असं म्हणाल तुम्ही.

पण जरा दुसरं खोकं उघडा. त्या काळी जॉर्जियात काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असत. हा भेदभाव मोडणारा नागरी हक्कांचा कायदा १९६४ मध्ये आला, तेव्हा विरोध करणाऱ्यांचे पुढारी कोण? हेच रसेल! मतदान होऊच नये म्हणून त्यांच्या गटानं आठवडेच्या आठवडे भाषणं लांबवली. अखेर १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी ती चर्चा थांबवली गेली आणि २ जुलैला कायदा झाला.

ज्याच्या नावाचं दप्तर, त्याच्याच चुकांचे कागद त्यात! मग ते गुपचूप फाडून टाकावेत का? मुळीच नाही. गोड तेवढे कागद ठेवले आणि कडू फेकले, तर तो इतिहास राहील का? ती नुसती जाहिरात होईल. मुलांच्या जेवणाची काळजी करणारा माणूस काही मुलांवरच्या अन्यायाची पाठराखण कशी करतो, हा प्रश्न आपल्याला पडतो, तो दोन्ही खोकी जपली म्हणूनच.

हे कागद कडीकुलपात पडून राहू नयेत, म्हणूनही तिथे बरंच काही चालतं. २०१२ साली नवी इमारत झाली. तिथली प्रदर्शनं कुणीही फुकट बघावीत. शिवाय साध्यासुध्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवतात. कारण कायदा पुढारी करतात, पण त्याची झळ किंवा सावली लागते ती साध्या माणसांना.

मग, तुम्ही काय कराल? या रविवारी घरातली जुनी पत्रं, रेशनकार्डं, फोटो बाहेर काढा. गंजलेल्या टाचण्या मोठ्या माणसांकडून काढून घ्या. चिकटपट्टी मात्र लावू नका हं, ती कागद खराब करते. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं हलकेच नाव आणि साल लिहा. आठवत नसेल तर आजीला विचारा. आणि एखादा कागद बघून घरातलं कुणी म्हणालं, "हा नको ठेवूस, तेव्हा आमचं चुकलं होतं," तर तो फेकू नका. आधी त्याची गोष्ट ऐका. तोच कागद सगळ्यात जास्त बोलतो.

तुमचा,
काका