फॅराकेट ऐकलाय का?

'मॅथ रॉक' हे दोन शब्द वाचूनच निम्मे जण पान उलटणार, याची कल्पना आहे. एम-थ्रीची केटी अजून डोक्यावर लटकत असताना गाण्यातही गणित कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. पण जरा थांबा. ज्या बँडबद्दल सांगायचंय, त्याच्याकडे गणित पक्कं आहे, पण ते तो तुमच्या तोंडावर फेकत नाही. आधी गाणं ऐकवतो.

बँडचं नाव फॅराकेट. सर्च करताना स्पेलिंग चुकेल म्हणून सांगून ठेवतो: एफ-ए-आर-ए-क्यू-यू-ई-टी. वॉशिंग्टन डीसीमधली तीन पोरं. डेव्हिन ओकॅम्पो गिटार वाजवतो आणि गातो, जेफ बॉसवेल बेसवर, चॅड मोल्टर ड्रम्सवर. १९९७ला सुरू, २००१ला बंद. मध्ये काही छोट्या रेकॉर्डी आणि २०००मध्ये आलेला एकच पूर्ण अल्बम, 'द व्ह्यू फ्रॉम धिस टॉवर'. संपली कुंडली.

आता मॅथ रॉक म्हणजे काय ते. आपण ऐकतो त्यातलं बहुतेक रॉक चारच्या हिशेबात चालतं. एक-दोन-तीन-चार, मान आपोआप हलते. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या काही बँडनी हा हिशेब मोडला. लुईव्हिलचा स्लिंट, पिट्सबर्गचा डॉन कॅबलेरो ही त्यातली मोठी नावं. सातचा तुकडा, मग पाचचा, मध्येच एक मात्रा गायब, असं त्यांचं चालायचं. तबला शिकलेला कुणी लगेच म्हणेल, त्यात काय, आमचा रूपक सातचाच आणि झपताल दहाचा. खरंय. पण रूपक एकदा धरला की गाणारा कुठेही फिरून आला तरी मात्रा सातच आणि सम जागच्या जागी. इथे आवर्तनाची लांबीच बदलत राहते. तुम्ही समेची वाट बघत उभे असता आणि तेवढ्यात कुणीतरी ती उचलून पुढच्या चौकात नेऊन ठेवलेली असते.

यात एक धोकाही आहे. अवघड वाजवता येतं म्हणून अवघडच वाजवत बसायचं. कॉलेज फेस्टमध्ये तीन मिनिटांच्या गाण्यात चार मिनिटांचा सोलो टाकणारा गिटारिस्ट तुम्हीही पाहिला असेल. मॅथ रॉकमध्ये असे गिटारिस्ट भरपूर. ऐकून आपण 'भारी आहे यार' म्हणतो आणि परत कधी लावत नाही.

फॅराकेट परत लावावासा वाटतो. अल्बमचं पहिलं गाणं 'कट सेल्फ नॉट' घ्या. रिफ तुटक आहे, घाईत आहे, सारखी दिशा बदलते. पण वर ओकॅम्पोचा आवाज अगदी सरळ, गुणगुणता येईल अशा चालीत जातो. ही चाल आधी डोक्यात बसते. दोन दिवसांनी बसस्टॉपवर ती गुणगुणताना तुम्ही मांडीवर ताल धरायला जाता आणि हात चुकतो. तेव्हा कळतं की खाली काय चाललं होतं. ओकॅम्पो आधीच्या 'स्मार्ट वेंट क्रेझी' या बँडमध्ये चक्क ड्रमर होता. त्याची गिटार ऐकताना ते जाणवतं. तो सूर वाजवतोय की ठोके, असा प्रश्न पडावा इतकी ती मोल्टरच्या ड्रम्सला चिकटून जाते. कधी त्याच्याशी भांडते, कधी त्याचं वाक्य पूर्ण करते. आणि बँडमध्ये माणसं तीनच. चूक झाकायला दुसरी गिटार नाही, कीबोर्डचा धूर नाही. त्यामुळे बेसलाही नुसता हमालीचा ठोका देऊन भागत नाही, अर्धी चाल त्याच्याच खांद्यावर असते.

मग हा बँड कुणाला माहीत का नाही? एक कारण उघड आहे, चार वर्षांत दुकान बंद. दुसरं कारण त्यांचं लेबल, आणि ती गोष्ट मला बँडइतकीच आवडते.

१९८०मध्ये डीसीत टीन आयडल्स नावाचा शाळकरी वयातल्या मुलांचा पंक बँड फुटला. शोमधून साठवलेले सुमारे ६०० डॉलर शिल्लक होते. वाटून घेऊन मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी त्या पैशांत स्वतःची रेकॉर्ड छापली. म्हणजे रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा बँड अस्तित्वातच नव्हता! त्यासाठी त्यातल्या इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांनी जे लेबल काढलं, ते डिसकॉर्ड. फक्त डीसी परिसरातले बँड, लेखी करार नाही, किंमत कमी. मॅकायचा नंतरच्या काळातला बँड फुगाझी पाच डॉलरच्या आसपासच्या तिकिटात शो करण्यासाठी प्रसिद्ध होता. फॅराकेटचा अल्बम याच डिसकॉर्डचा. असं लेबल तुम्हाला जाहिरातींच्या जोरावर घराघरात पोचवत नाही. पण ते तुम्हाला अडगळीतही टाकत नाही. बँड संपून सात वर्षं झाल्यावर, २००८मध्ये, डिसकॉर्डने त्यांची सुरुवातीची गाणी गोळा करून 'अँथॉलॉजी १९९७-९८' काढला. अल्बमही आज मिळतो.

म्हणून फॅराकेटला 'दुर्दैवी' वगैरे म्हटलेलं मला पटत नाही. लोकांनी कमी ऐकला, एवढंच. आपल्याकडच्या कॉलेज बँडचं काय होतं, ते बघा ना. तीन वर्षं कव्हर वाजवायची, कारण परीक्षकांना ओळखीचं गाणं लागतं. चौथ्या वर्षी दोन-तीन स्वतःची गाणी जमतात, तोवर प्लेसमेंट सुरू. ड्रमर बंगळुरूला, बेसिस्ट एमएसला जर्मनीला, आणि मागे उरतो कुणाच्या तरी फोनमधला एक हलता व्हिडिओ, त्यातही निम्मा वेळ पब्लिकचा आरडाओरडा. बँड तुटणारच, त्याचं दुःख नाही. गाणी रेकॉर्ड न करता तुटतो, हे खटकतं. फेस्टच्या बक्षिसाचे पाच-सात हजार पार्टीत उडवण्याआधी एखाद्या छोट्या स्टुडिओत दिवसभराचा काय दर आहे, एवढं तरी विचारून बघा.

आणि हो, 'द व्ह्यू फ्रॉम धिस टॉवर' फोनच्या स्पीकरवर लावू नका, बेस ऐकूच येणार नाही. चांगले इयरफोन घ्या, पाऊण तासही लागत नाही. पहिल्या खेपेला काहीही मोजू नका. दुसऱ्या खेपेला फक्त ड्रम्सकडे लक्ष द्या. आवडलाच तर पुढे ओकॅम्पो आणि मोल्टर यांचाच 'मेडिकेशन्स' आहे, २००५चा 'युअर फेव्हरिट पीपल ऑल इन वन प्लेस' तिथून सुरू करा. त्यात मोल्टर ड्रम्सवर शोधू नका, तो बेस वाजवतोय.