पुढचा विजय झोल कधी? जालन्याची अपेक्षा आणि क्रिकेटमधील भरतीचे वास्तव

जालन्यात क्रिकेटचा विषय निघाला, की चर्चा फिरून फिरून एका आकड्यापाशी येते. २०११ मध्ये कूचबिहार करंडकाच्या सामन्यात आसामविरुद्ध जालन्याच्या विजय झोलने नाबाद ४५१ धावा केल्या, तेव्हा तो अवघा १७ वर्षांचा होता. पोलाद, बियाणे आणि मोसंबी यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचे नाव त्या एका खेळीमुळे देशभरातील क्रीडापानांवर झळकले. त्या घटनेला आता दीड दशक होत आले. तरीही मैदानाच्या कडेला उभे राहणारे पालक, जुने खेळाडू आणि क्रिकेटरसिक एकच प्रश्न विचारतात : पुढचा विजय झोल कधी? रणजी हंगाम सुरू झाला की त्याला दुसऱ्या प्रश्नाची जोड मिळते : महाराष्ट्र रणजी करंडक कधी जिंकणार?

हे दोन्ही प्रश्न जिव्हाळ्यातून येतात, त्यामुळे त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. चांगला खेळाडू सापडला किंवा बाहेरून आणला, की यश आपोआप मागे येते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात खेळाडू मिळणे ही प्रक्रियेची सुरुवात असते. या गैरसमजाची किंमत कोवळ्या वयातील मुले आणि त्यांची कुटुंबे मोजतात, म्हणून त्याचा विचार करणे आवश्यक ठरते.

एका गुणवान खेळाडूची वाटचाल

झोलच्या कारकिर्दीकडे अलिप्तपणे पाहिले, तर ती कोणत्याही जिल्ह्याने अभिमान बाळगावा अशी आहे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. जानेवारी २०१४ मध्ये शारजा येथे याच वयोगटातील आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला हरविले, तेव्हा कर्णधार झोल आणि संजू सॅमसन या दोघांनीही शतके काढली. त्याच महिन्यात वानखेडे स्टेडियमवर रणजीच्या उपान्त्यपूर्व सामन्यात महाराष्ट्राने बलाढ्य मुंबईचा आठ गडी राखून पराभव केला. त्या विजयात केदार जाधवच्या नाबाद शतकाला झोलच्या नाबाद ९१ धावांची साथ होती. आयपीएलमधील बंगळूरच्या संघानेही त्याला करारबद्ध केले.

त्यानंतर २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात त्याच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ उपान्त्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून हरला. त्या संघातील संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सर्फराज खान आणि दीपक हुडा पुढे भारताच्या वरिष्ठ संघातून खेळले. कर्णधाराला मात्र ते दार उघडले नाही. जालन्यातील अनेकांना हा अन्याय वाटतो, तर काहींना गुणवत्तेची नासाडी. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

युवा विश्वचषकातील भारताच्या कर्णधारांची यादी पाहावी. २००८ चा कर्णधार विराट कोहली. त्यानंतरचे सलग तीन कर्णधार म्हणजे २०१० चा अशोक मेनारिया, २०१२ चा विजेता उन्मुक्त चंद आणि २०१४ चा विजय झोल. या तिघांपैकी एकालाही वरिष्ठ भारतीय संघात स्थान मिळाले नाही. २०१६ चा ईशान किशन आणि २०१८ चा पृथ्वी शॉ यांना ते मिळाले, तर २०२० चा प्रियम गर्ग आणि २०२२ चा यश धुल यांना अद्याप मिळालेले नाही. देशभरातून निवडलेल्या, कर्णधारपदापर्यंत पोहोचलेल्या मुलांची ही स्थिती असेल, तर जिल्हा संघात धावा करणाऱ्या मुलाबद्दल किती अपेक्षा बाळगावी, हे वेगळे सांगायला नको.

विक्रमी धावसंख्येचेही तेच. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम हाकेच्या अंतरावर असताना प्रतिस्पर्धी संघाने सामनाच सोडून दिला. प्रथम श्रेणीत भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे आणि निंबाळकर एकही कसोटी खेळू शकले नाहीत. त्यामुळे त्यांचे मोठेपण कमी झाले, असे कोणी म्हणत नाही. झोलच्या बाबतीतही हाच न्याय लावायला हवा.

खेळाडूंची भरती : जुनी परंपरा

रणजी स्पर्धेत एका संघाला बाहेरचे जास्तीत जास्त तीन खेळाडू घेता येतात. त्यांना पाहुणे किंवा व्यावसायिक खेळाडू म्हटले जाते. भाडोत्री खेळाडूंनी जिंकले तर त्यात आपले काय, असा आक्षेप या पद्धतीवर अधूनमधून घेतला जातो. परंतु भारतीय क्रिकेटमध्ये अशी भरती नवी नाही. संस्थानांच्या काळात होळकरांच्या इंदूर संघाने नागपूरच्या सी. के. नायडूंसारख्या खेळाडूंना आश्रय दिला आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक पटकावला. निंबाळकरही पुढे होळकर संघात गेले. मूळ सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून खेळले, परंतु त्यांची पुढची कारकीर्द बडोद्याच्या आश्रयाखाली बहरली. संस्थाने गेल्यानंतर हीच भूमिका नोकरी देणाऱ्या रेल्वेने पार पाडली. बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर रेल्वेकडून खेळतच कसोटी संघापर्यंत पोहोचले.

भरतीचे सर्वांत बोलके उदाहरण राजस्थानचे आहे. प्लेट गटात खेळणाऱ्या या संघाने पुण्याचा हृषीकेश कानिटकर आणि दिल्लीचा आकाश चोप्रा यांना आपल्याकडे आणले. कानिटकरच्या नेतृत्वाखाली राजस्थानने २०१०-११ आणि २०११-१२ असे सलग दोन वेळा विजेतेपद मिळविले. महाराष्ट्राकडून जे हाती लागले नाही, ते महाराष्ट्राच्या खेळाडूने दुसऱ्या राज्याला मिळवून दिले. मात्र त्यानंतर राजस्थानला पुन्हा करंडक उंचावता आलेला नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

त्याउलट विदर्भाचे उदाहरण पाहावे. विदर्भानेही वसीम जाफर आणि गणेश सतीश यांना बाहेरून आणले. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात इंदूर येथे दिल्लीविरुद्ध विजयी फटका जाफरचाच होता. पण त्या सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी विदर्भाने स्वतः घडविलेला होता. २०२४-२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला, तेव्हा करुण नायर या पाहुण्या खेळाडूने केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ धावा केल्या. तथापि, त्या हंगामात सर्वाधिक ९६० धावा करणारा यश राठोड, ६९ बळींचा विक्रम करणारा हर्ष दुबे आणि अंतिम सामन्यात दीडशतक झळकावणारा दानिश मालेवार हे तिघेही विदर्भाच्या मुशीतून आलेले होते. पाहुण्यांनी घराला आधार दिला, पण घर स्थानिक मुलांच्याच खांद्यांवर उभे राहिले.

महाराष्ट्राकडून काय अपेक्षावे?

महाराष्ट्राने रणजी करंडक दोनदाच जिंकला आहे. १९३९-४० आणि १९४०-४१ मधील ती दोन्ही विजेतेपदे प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली मिळाली होती. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये संघ अंतिम फेरीत गेला आणि अनुक्रमे मुंबई, पंजाब व कर्नाटक यांच्याकडून हरला. २०१३-१४ च्या हंगामात केदार जाधवने १२२३ धावा केल्या, तरी करंडक हुलकावणी देऊन गेला. मुंबईच्या नावावर ४२ विजेतेपदे आहेत. हा इतिहास समोर ठेवला, तर दरवर्षी विजेतेपदाची आस लावणे आणि ते न मिळाल्यास निवड समितीवर तोंडसुख घेणे, यात फारसा अर्थ उरत नाही.

२०२५-२६ च्या हंगामासाठी महाराष्ट्राने मुंबईचा पृथ्वी शॉ आणि केरळकडून खेळणारा अष्टपैलू जलज सक्सेना यांना घेतले, तेव्हा अपेक्षा पुन्हा उंचावल्या. पहिल्याच सामन्यात केरळविरुद्ध महाराष्ट्राचे तीन फलंदाज एकही धाव फलकावर नसताना बाद झाले. त्यात शॉही होता. ऋतुराज गायकवाडच्या ९१ आणि जलजच्या ४९ धावांनी डाव सावरला. शॉने दुसऱ्या डावात ७५ धावा केल्या आणि पुढच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध २२२ धावांची वादळी खेळी केली. पहिल्या दिवशी ‘कशाला आणले याला’ म्हणणाऱ्यांना दहा-बारा दिवसांत करंडकाची स्वप्ने पडू लागली. पाहुण्या खेळाडूकडून अनुभव आणि काही निर्णायक खेळी मिळतात. संपूर्ण हंगामाचा भार मात्र घरच्या अकरा-बारा खेळाडूंनाच वाहावा लागतो. संघ सातत्याने बाद फेरीत पोहोचतो का आणि दर हंगामात एखादा नवा चेहरा स्थिरावतो का, ही महाराष्ट्रासाठी वास्तव कसोटी आहे. करंडक त्यातून कधीतरी येईल.

जालन्याचा प्रश्न

आता पुन्हा जालन्याकडे वळू. महाराष्ट्र राज्यात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत. मुंबई आणि विदर्भ वगळता उरलेला बहुतेक सारा मुलूख महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या छत्राखाली येतो. त्यामुळे जालन्याच्या मुलाची स्पर्धा पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर अशा मोठ्या केंद्रांतील मुलांशी असते. त्या केंद्रांत, विशेषतः पुण्यात, क्लबचे जाळे आहे आणि अनेक मैदानांवर बारमाही खेळ चालतो. जालन्यापासून पुणे सुमारे तीनशे किलोमीटर. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की घरात प्रश्न उभा राहतो : त्याला पुण्याला पाठवायचे का? खोलीचे भाडे, प्रशिक्षण वर्गाचे शुल्क, साहित्य, शिवाय दहावी-बारावीचे वर्ष. अनेक कुटुंबे हा निर्णय एका उदाहरणाच्या जोरावर घेतात आणि ते उदाहरण असते ४५१ धावांचे. हजारांत एखाद्याच्या वाट्याला येणारी गोष्ट आपल्या मुलाच्या बाबतीत नक्की घडेल, असे मानून संसाराची घडी विस्कटली जाते. चार वर्षांनी मुलगा परत येतो, तेव्हा त्याच्या हाती ना करार असतो, ना पदवी. गावात ‘काही जमले नाही त्याला’ एवढाच शेरा ऐकू येतो. ज्या मुलाने जिल्ह्याच्या मैदानापासून राज्याच्या निवड चाचणीपर्यंत मजल मारली, त्याला अपयशी म्हणणारी ही मोजपट्टीच चुकीची आहे.

मराठवाड्यातून मुले वर येऊ शकतात, याविषयी शंका नाही. पैठणचा अंकित बावणे वर्षानुवर्षे महाराष्ट्राच्या फलंदाजीचा कणा राहिला. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या युवा विश्वविजेत्या संघात होता. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या युवा विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करून संघाला अंतिम फेरीत नेले. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाल्यामुळे रणजी संघात स्थान न मिळालेल्या खेळाडूंनाही लिलावातून संधी आणि मानधन मिळण्याचा मार्ग खुला झाला आहे. शिडीला एक पायरी वाढली, ही समाधानाची बाब आहे.

मात्र शिडीची खालची पायरी जिल्ह्यातच भक्कम करावी लागेल. अंबड, परतूर, भोकरदन, मंठा अशा तालुक्यांतून शालेय स्पर्धा दरवर्षी नियमित होतात का? टर्फ खेळपट्टीवर सराव किती मुलांना मिळतो? जिल्ह्याच्या १४ आणि १६ वर्षांखालील संघांना मोसमात किती दिवसांचे किती सामने खेळायला मिळतात? प्रशिक्षित पंच आणि प्रशिक्षक आहेत का? क्रिकेटरसिकांनी जिल्हा संघटनेला आणि लोकप्रतिनिधींना विचारायचे प्रश्न हे आहेत. त्यांची उत्तरे दरवर्षी मागितली गेली, तर संघटनेलाही हिशेब द्यावा लागेल. ‘पुढचा झोल कधी’ या प्रश्नाने मात्र कोणालाच उत्तरदायी धरता येत नाही, कारण असा खेळाडू आला तर सारे श्रेय घेतात आणि न आल्यास नशिबाकडे बोट दाखवता येते.

पालकांनीही अपेक्षांची वाटणी करायला शिकले पाहिजे. जिल्हा संघात स्थान हे पहिले यश, राज्याच्या वयोगट संघातील निवड हे दुसरे आणि रणजी पदार्पण हे फार मोठे तिसरे. या टप्प्यांपैकी कुठेही थांबलेला मुलगा शिक्षण पूर्ण केलेला असेल, तर प्रशिक्षक, पंच, शिक्षक म्हणून किंवा खेळाडूंसाठीच्या आरक्षणातून नोकरी मिळवून सन्मानाने जगू शकतो. आणि तोच आपल्या तालुक्यातील पुढच्या मुलांना घडवू शकतो. विदर्भाला तीन करंडक मिळण्याआधी अनेक वर्षे हेच काम निमूटपणे चालले होते.

जालन्याने विजय झोलच्या नाबाद ४५१ धावांचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्या आकड्याचे ओझे चौदा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर ठेवू नये. येत्या पाच वर्षांत जिल्ह्यातील चार-पाच मुले राज्याच्या वयोगट संघांत नियमितपणे खेळू लागली, तर ती आजच्या परिस्थितीत समाधान मानावे अशी मजल ठरेल. त्यातूनच एखादा पुढे जाईल, आणि तो गेला नाही तरी जिल्ह्याचे क्रिकेट एका पिढीने पुढे गेलेले असेल.