खड्डा कुणी खणला?



जयंतीचे निळे झेंडे घडी करून ठेवले, परीक्षा आटपल्या, पोरांना सुट्टी लागली. आता पेपरांच्या पुरवण्यांत 'साहस शिबिरां'च्या जाहिराती येतील. दोर, टोपी, तंबू आणि खाली फी. फी भरून त्यांचं पोर डोंगर चढलं की ते धाडसी. तोच डोंगर आमचं पोर फुकटात, फाटक्या चपलेत चढलं की ते उनाड. करवंदं तोडली तर चोर. शब्दकोशसुद्धा ह्यांच्याच बापाचा!

मी गोदीत हमाली करतो. कविता लिहितो. शिक्षण दहावी. घाटकोपरच्या डोंगरावरल्या वस्तीत वाढलो. शाळेत 'मामाच्या गावची सुट्टी' असा निबंध लिहायला लावायचे. आमराई, विहीर, बैलगाडी. माझा मामा दोन गल्ल्या सोडून राहायचा. त्याच्या खोलीत आमच्याइतकीच माणसं, आमच्याइतकाच अंधार. मी आमराई लिहिली. १० पैकी ७ मार्क पडले. पहिलं खोटं मी शाळेतच शिकलो.

आमची खरी सुट्टी खदानीत जायची. माझा आजा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आला आणि त्याच खदानीत दगड फोडायला लागला. दगडाची खडी झाली, खडीच्या इमारती झाल्या. खदान बंद पडली. खड्डा तसाच टाकून मालक निघून गेला. त्यात पावसाचं पाणी साचलं. मे महिन्यात डोक्यावरचा पत्रा तापला की आम्ही तिकडे पळायचो. काठ सरळ कापलेला. पाय टेकायला जागा नाही, तळाचा पत्ता नाही. मी ९ वर्षांचा होतो. माझ्या दोस्ताने उडी मारली, तो वर आलाच नाही. पेपरात चार ओळी आल्या: पोहण्याचा मोह जिवावर बेतला.

मोह? उन्हात पोराला पाणी हवं, ह्याला मोह म्हणता? खड्डा आज्याने खणला, पैसा मालकाने नेला, मढं आमच्या वाट्याला आलं. ह्याला मी अपघात म्हणणार नाही.

कुणी म्हणेल, तलाव आहेत की! आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. ते शहराचं पिण्याचं पाणी, त्यात कुणी उतरू नये, कबूल. २० मार्च १९२७ ला महाडला ज्यांनी ओंजळ भरली त्यांच्या नातवंडांना पाण्याची किंमत शिकवायची गरज नाही. पण मग पोरांनी पोहायचं कुठे? तरणतलावाच्या दारात गेलो तर वॉचमनने कार्ड मागितलं. १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम ३१ सांगतं, खेळ हा मुलाचा हक्क आहे. भारताने तो करार १९९२ साली मान्य केला. वॉचमनला कुणी कळवलंच नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. पाणी साचलेल्या प्रत्येक खदानीला कुंपण आणि सुट्टीभर पहारा. मे महिन्यात महापालिकेच्या शाळेतल्या पोरांना तरणतलाव फुकट, पोहायला शिकवणाऱ्या माणसासकट. ही भीक नाही. आज्याची थकलेली मजुरी आहे.

आणि सगळं सरकारवर ढकलून आपण कॅरम कुटत बसायचं नाही. रविवारी वस्तीतली पोरं गोळा करा, बोरिवलीला उतरा, राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला चला. शंभरावर बौद्ध लेणी आहेत. लेण्यांजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. त्यातली एक कल्याणच्या एका सोनाराने दान दिलेली. खडक तिथेही फोडला, खडक इथेही फोडला. तिथे पाणी माणसाला जगवायला साठवलं, इथे पोरांना मारायला सोडलं.

पोरांना हे दोन्ही खड्डे दाखवा. मग सुट्टीवर निबंध लिहायला सांगा.

मार्क आपण देऊ.

जयभीम!