आजीचा आवाज आणि यंत्राची सफाई

मोबाईलवर आवाज मुद्रित करून ते एकत्र जुळविण्याची, म्हणजे मिक्सिंगची, कला विद्यार्थी हल्लीं शिकूं लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पुष्कळांचा सारा उत्साह जुळवणीकडे! आजीची एखादी गोष्ट घ्यावयाची, तिच्याखालीं वाद्यसंगीत घालावयाचें, आणि मग आजी काय म्हणाली हेंच ऐकूं येऊं नये, असा प्रकार होतो.

आमच्या मतें मुद्रण हेंच मुख्य होय, जुळवणी मागाहूनची. पंखा बंद करावा, माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित् बाजूस धरावा, आणि आवाजाची पातळी आधींच बेताची ठेवावी. ती मर्यादेबाहेर गेली कीं ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात; मग जुळवणारा कितीहि कसबी असो, मूळचा आवाज जसाच्या तसा परत येत नाहीं.

तथापि मागचा प्रत्येक ध्वनि दोष नव्हे. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील कित्येक गाणाऱ्या बायांच्याच आवाजांत मुद्रित आहेत. अशा एखाद्या ओवीमागून जात्याची घरघर येत असल्यास ती पुसणें ही सफाई नव्हे, नासाडी होय.

म्हणून मूळ प्रत निराळी जपून ठेवावी व काटछांट तिच्या नकलेवर करावी. पालकांसहि विनंती कीं, मुद्रणापुरता घटकाभर उकाडा सोसावा. आणि आजीस विचारल्यावांचून तिचा आवाज वर्गांत ऐकवूं नये. ती बहुधा नाहीं म्हणणार नाहीं.